रेतीच्या खाणीने घेतलेलं पाणी नदीला परत कसं द्यायचं? कोलोरॅडोत नव्याने काम करणाऱ्यांसाठी

डेन्व्हरहून उत्तरेकडे साउथ प्लॅट नदीच्या कडेने ब्राइटन, फोर्ट लप्टन, प्लॅटव्हिल असं ग्रीलीपर्यंत गेलात, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना तळीच तळी लागतात. कडा सरळ कापलेल्या, पाणी निळं, काठावर बदकं. पाहुण्यांना ती नैसर्गिक वाटतात. त्यातली बहुतेक म्हणजे रेती-गोट्याच्या खाणी आहेत. शहरांच्या रस्त्यांना आणि काँक्रीटला लागणारा माल याच पूरमैदानातून निघतो.

आपल्याकडे वाळूउपसा म्हटलं की नदीच्या पात्रात उतरलेलं पोकलेन डोळ्यांसमोर येतं. इथली खाण सहसा पात्राच्या बाहेर, काठच्या शेतात असते. वरची माती बाजूला काढली की खाली गोटे आणि रेती, आणि थोडं खणलं की पाणी. ते पाणी नदीचंच आहे, फक्त जमिनीखालून चालणारं. खाण त्याला उघड्यावर आणते, आणि उघड्यावर आलं की ऊन आणि वारा ते उडवून नेतात. पात्रात पंप टाकला नाही, कुणाचा पाट फोडला नाही, तरी नदीचं पाणी कमी झालं. कोलोरॅडोत त्या कमी झालेल्या पाण्याला कुणीतरी मालक असतो.

इथे जलअभियंत्याच्या किंवा खाणीच्या परवान्यांच्या कामावर नव्याने रुजू होणारी मराठी मुलंमुली मला नेहमी एकच प्रश्न विचारतात: "किती पाणी द्यायचं?" तो प्रश्न सोपा आहे. कोणत्या महिन्यात द्यायचं आणि नदीवर कुठे द्यायचं, हे अवघड आहे. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

आधी रांग समजून घ्या

कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीबरोबर येत नाही. ज्याने पाणी आधी उपयोगात आणलं त्याचा हक्क आधी, हे तत्त्व राज्याच्या १८७६ च्या घटनेतच आहे. १८६० च्या दशकात खोदलेल्या कालव्यांचे हक्क आजही रांगेत पुढे उभे आहेत. पाणी अपुरं पडलं की ज्येष्ठ हक्कदार 'कॉल' लावतो. म्हणजे मला माझं पूर्ण पाणी मिळत नाही, माझ्या वरच्या बाजूच्या कनिष्ठ हक्कदारांचं पाणी थांबवा, अशी मागणी करतो. ती पोचली की वॉटर कमिशनर, म्हणजे नदीवर प्रत्यक्ष फिरणारा सरकारी माणूस, कनिष्ठांच्या कालव्यांचे दरवाजे बंद करतो.

धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सुरुवातीला रुचत नाही. फडात टंचाई आली की ती सगळ्यांनी वाटून घ्यायची असते. इथे टंचाई वाटली जात नाही. पुढच्याला पूर्ण मिळतं आणि मागच्याला शून्य. कायदा आवडो न आवडो, हिशेब या रांगेनेच करायचा आहे.

खाणीला तर रांगेत जवळजवळ जागाच नाही. आज उघडलेल्या तळ्याचा क्रम दीडशे वर्षांच्या हक्कांच्या मागे लागतो. दरवाजा बंद करून बाष्पीभवन थांबवता येत नाही. म्हणून एकच वाट उरते: नदीतून गेलं तितकं पाणी दुसऱ्या कायदेशीर स्रोतातून नदीला द्यायचं, म्हणजे ज्येष्ठ हक्कदाराला झळ लागणार नाही. यालाच इथे भरपाई म्हणतात.

खाण म्हणजे विहीर

हे वाक्य पाठ करा, कारण पुढचे सगळे कागद त्यातून निघतात. भूजल आणि नदी एकच मानून सगळ्यांना एका रांगेत आणणारा मोठा कायदा १९६९ चा. तरी खाणमालकांचं म्हणणं होतं की आम्ही पाणी उपसत नाही, माल काढतो, पाणी आपोआप येतं. कॅश ला पूद्र नदीकाठच्या अशाच खाणींचे वाद वर गेले आणि १९८८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भूजल उघडं पाडणारी खाण ही विहीरच आहे. तिला विहिरीचा परवाना लागेल, आणि इतरांच्या हक्काला इजा होणार नाही याची तजवीज असल्याशिवाय तो मिळणार नाही. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने खाणींसाठी वेगळी तरतूद केली. तिच्यातली एक तारीख तुमच्या कामात पुन्हा पुन्हा येईल: १ जानेवारी १९८१. त्याआधी भूजल जिथे उघडं पडलं होतं त्या क्षेत्राच्या बाष्पीभवनाची भरपाई माफ आहे, नंतरच्या क्षेत्राची द्यावी लागते.

म्हणून जुन्या खाणीचं काम हाती आलं तर सर्वात आधी जुनी हवाई छायाचित्रं मिळवा. मालक म्हणेल, "हे तळं माझ्या वडिलांच्या वेळचं आहे." असेलही. पण तळ्याचा कोणता कोपरा १९८० च्या अखेरीस पाण्याखाली होता हे छायाचित्रावर मोजून, नकाशावर रेषा काढून दाखवावं लागतं. एक-दोन एकरांच्या फरकाने दरवर्षीची भरपाई बदलते, आणि ती कायमची बदलते.

पहिली पायरी: पाणी कशाकशात जातं ते मोजा

एक काल्पनिक खाण घेऊ. पाण्याचा उघडा पृष्ठभाग २० एकर, वर्षाला ३ लाख टन माल, तोही पाण्याखालून काढलेला किंवा धुतलेला.

बाष्पीभवन हा मोठा खर्च. त्यासाठी अमेरिकेच्या हवामान खात्याने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेले खुल्या पाण्याच्या वार्षिक बाष्पीभवनाचे नकाशे वापरतात. समजा आपल्या जागी वर्षाला ४० इंच मिळाले. ते बारा महिन्यांत कसे वाटायचे याची टक्केवारी स्टेट इंजिनिअरच्या, म्हणजे राज्याच्या पाण्याचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाने ठरवून दिली आहे. साडेसहा हजार फुटांखालच्या जागांसाठी जूनमध्ये १४.५ टक्के, जुलैत १५, ऑगस्टमध्ये १३.५, आणि डिसेंबर-जानेवारीत प्रत्येकी फक्त ३.

यातून पावसाची थोडी वजावट मिळते, आणि नवखा माणूस इथे हमखास अडतो. तळ्यावर पडलेला सगळा पाऊस वजा का करायचा नाही? कारण तळं नव्हतं तेव्हाही तो पाऊस तिथे पडतच होता. त्यातला काही वाहून किंवा मुरून नदीला पोचायचा, तो आधीपासूनच नदीचा, म्हणजे रांगेतल्या लोकांचा. गवत आणि झुडपं जो पिऊन टाकायची तेवढाच तुमच्या खात्यात जमा होतो. तो पावसाच्या ७० टक्के धरायची पद्धत आहे. भूजलात मुळं सोडणारी झाडं तोडून जे पाणी 'वाचलं' त्याचं श्रेय मात्र कायदा देत नाही. नदीकाठचे कॉटनवुड तोडून त्या पाण्यावर हक्क सांगण्याची वाट १९७४ च्या एका निकालाने बंद झाली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. नाहीतर काठावर एक झाड राहिलं नसतं.

वर्षाचा पाऊस १४ इंच धरू. त्याचे ७० टक्के ९.८ इंच. ४० मधून वजा जाता ३०.२ इंच. गुणिले २० एकर, भागिले १२: वर्षाला ५०.३ एकर-फूट.

एकर-फूट म्हणजे एक एकरावर एक फूट उंचीचं पाणी, ४३,५६० घनफूट, साधारण १२.३ लाख लिटर. पहिले काही महिने मी प्रत्येक आकडा मनात लिटरमध्ये करून बघायचो. तुम्हीही करा. नाहीतर ५० हा आकडा लहान वाटतो.

दुसरा खर्च मालाला चिकटून जाणाऱ्या पाण्याचा. ओला माल ट्रकमध्ये भरून गेला की त्याबरोबर पाणीही गेलं. धुतलेल्या किंवा पाण्याखालून काढलेल्या मालासाठी वजनाच्या ४ टक्के धरतात. आधी उपसा करून कोरड्या केलेल्या, निथळलेल्या खाणीतल्या मालासाठी २ टक्के. इथला टन २,००० पौंडांचा, म्हणजे टनामागे ८० पौंड, साधारण ३६ लिटर पाणी. ३ लाख टनांचे ८.८ एकर-फूट झाले.

तिसरा खर्च धूळ बसवण्यासाठी रस्त्यांवर मारलेल्या पाण्याचा. टँकरच्या खेपा मोजा, अंदाज करू नका. आपण ५ एकर-फूट धरू. जागेवरच काँक्रीटचा प्लँट असेल तर त्याचं पाणी वेगळं.

बेरीज ६४ एकर-फुटांच्या जवळ. म्हणजे वर्षाला सुमारे ७.९ कोटी लिटर.

खाण कोरडी करून माल काढत असाल तर उपसलेलं पाणी लगेच नदीत जातं, त्यामुळे उपसा चालू असेपर्यंत घट दिसत नाही. पण ज्या दिवशी पंप बंद होतील त्या दिवसापासून रिकामी झालेली जमीन आणि खड्डा पुन्हा भरू लागतो, आणि ते पाणी नदीकडे जाणाऱ्या प्रवाहातून कापलं जातं. म्हणून पंप बंद करण्याआधी त्या भरतीची भरपाई हाताशी पाहिजे. वीजबिल वाचवण्यासाठी मध्येच पंप बंद केलेली खाण मी पाहिली आहे. वाचलेल्या बिलापेक्षा कितीतरी जास्त पैसे पाणी शोधण्यात गेले.

दुसरी पायरी: नदीला कधी कळतं?

तळ्यातून पाणी जुलैत उडालं, पण नदीला ते जुलैतच कमी पडेल असं नाही. तळं आणि नदी यांच्यामध्ये रेती-गोट्याचा जाड थर आहे. तळ्याजवळ भूजल पातळी थोडी खाली जाते, तो खळगा हळूहळू पसरतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी नदीपर्यंत पोचतो. या उशिराचा हिशेब हाच या कामाचा गाभा आहे.

त्यासाठी ग्लोव्हर यांची १९५० च्या दशकातली पद्धत वापरतात. तिला चार गोष्टी लागतात: तळ्याच्या मध्यापासून नदीचं अंतर, नदीपासून जलधराच्या, म्हणजे पाणी धरणाऱ्या थराच्या, कडेपर्यंतची रुंदी, थराची पाणी वाहून नेण्याची क्षमता, आणि थर निथळला की किती पाणी सोडतो ते प्रमाण. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने तयार केलेली संगणक-प्रणाली हे गणित महिनावार करून देते. पण प्रणाली उघडण्याआधी एकदा कागदावर करून बघा, म्हणजे आकड्याचा अंदाज हाताला लागतो.

अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्यातल्या जेंकिन्स यांनी १९६८ मध्ये एक सोपा मापदंड दिला: अंतराचा वर्ग गुणिले निथळण्याचं प्रमाण, भागिले वहनक्षमता. उत्तर दिवसांत येतं. तितके दिवस सलग उपसा केला, तर एकूण उपशाच्या सुमारे २८ टक्के पाणी तोवर नदीतून कमी झालेलं असतं. समजा अंतर ३,००० फूट, प्रमाण ०.२ आणि वहनक्षमता दिवसाला १३,३७० चौरस फूट. उत्तर येतं १३५ दिवस, साडेचार महिने. आता खाण नदीच्या निम्म्या अंतरावर, १,५०० फुटांवर आणा. उत्तर अर्धं होत नाही, पाव होतं: ३४ दिवस. अंतराचा वर्ग असल्यामुळे नकाशावर नदीचं अंतर चुकीचं मोजलं की पुढचं सगळं कोसळतं.

३,००० फुटांवरच्या खाणीत जुलैत उडालेल्या पाण्याची घट नदीला दिवाळीत आणि नाताळातही जाणवत राहते. आणि पावसाळा-उन्हाळ्याचे आपले अंदाज इथे उपयोगाचे नाहीत: साउथ प्लॅटवर हिवाळ्यातही कॉल असतो, कारण तेव्हा ज्येष्ठ जलाशय भरून घेत असतात.

माझ्या पहिल्या आराखड्यात वर्षाची बेरीज बरोबर होती. घट ४० एकर-फूट, भरपाईचं पाणी ४६. मी समाधानात होतो. तपासणाऱ्या अभियंतीणबाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "जानेवारीची ओळ वाचून दाखवाल का?" जानेवारीत घट होती अडीच एकर-फूट आणि भरपाई शून्य. माझं सगळं पाणी सिंचन कालव्याच्या समभागांचं, म्हणजे कालवा कंपनीतल्या वाट्याचं होतं, आणि कालवा हिवाळ्यात बंद असतो. ऑगस्टमध्ये जास्त दिलेलं पाणी जानेवारीतल्या माणसाच्या उपयोगाचं नाही, ते केव्हाच नेब्रास्कात पोचलेलं असतं. तेव्हापासून मी वर्षाच्या बेरजेकडे शेवटी बघतो.

तिसरी पायरी: पाणी शोधा

इथेच खरा वेळ आणि पैसा जातो. परवाना हातात येण्याआधीच पाणी शोधायला लागा, उलट नको.

खाणीसाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे एखाद्या शहराकडून भाड्याने घेतलेलं, पुन्हा वापरता येणारं सांडपाणी. डेन्व्हर आणि ऑरोरासारखी शहरं डोंगरापलीकडच्या पश्चिम उतारावरून बोगद्यांतून पाणी आणतात. ते या नदीत मुळात नव्हतंच, म्हणून एकदा वापरून झाल्यावरही त्यावर शहराचा हक्क राहतो. शुद्धीकरण केंद्रातून नदीत सोडलेलं ते पाणी शहर तुम्हाला देऊ शकतं. ते बाराही महिने वाहतं, जानेवारीतसुद्धा. अडचण एवढीच की केंद्र तुमच्या खाणीच्या वरच्या बाजूला हवं, आणि शहरं दीर्घ मुदतीचे करार करायला फारशी तयार नसतात.

दुसरा मार्ग कालवा कंपनीच्या समभागांचा. इथले बरेचसे कालवे शेतकऱ्यांच्या भागीदारीच्या कंपन्यांचे आहेत, आणि समभाग म्हणजे पाण्याचा वाटा. पण समभागावर कालव्यात जेवढं पाणी येतं तेवढं सगळं भरपाईला मिळत नाही. पूर्वी पिकाने जेवढं खरोखर पिऊन संपवलं तेवढंच. बाकीचं शेतातून निथळून नदीला परत जायचं, आणि त्यावर खालचे लोक जगत होते. ते तुम्हाला पूर्वीसारखंच, त्याच महिन्यांत, नदीला द्यावं लागतं. म्हणजे समभाग घेताना तुम्ही हिवाळ्याचं नवं देणंही घेता. हे विक्रेता सांगत नाही, तुम्हीच विचारायचं.

आणि ज्या शेताचं पाणी काढलं ते शेत खरोखर कोरडं राहिलं पाहिजे. लुसर्न घास असेल तर नुसतं पाणी तोडून भागत नाही. त्याची मुळं खोल भूजलापर्यंत जातात आणि तो हिरवा राहतो, म्हणून तो नांगरून किंवा मारून काढावा लागतो. कोरड्या ठेवलेल्या शेताचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पाहणीला माणूस येतो. पिढ्यानपिढ्या पिकलेलं शेत असं मुद्दाम सुकताना बघणं सोपं नसतं. शेतकरी कुटुंबाशी बोलताना हे लक्षात ठेवा. करार करायला बसलेला माणूस तुम्हाला नुसता 'समभागधारक' दिसू नये.

तिसरा मार्ग साठ्याचा: उन्हाळ्यात मिळालेलं पाणी अस्तर केलेल्या, म्हणजे भूजलापासून तोडलेल्या तळ्यात ठेवायचं आणि हिवाळ्यात सोडायचं.

चौथा मार्ग मला स्वतःला सर्वात आवडतो. वसंतात बर्फ वितळून नदी भरून वाहते, बऱ्याचदा कुणाचाच कॉल नसतो. तेव्हा पाणी उचलून नदीपासून योग्य अंतरावरच्या मुरवण तळ्यात सोडायचं. ते जमिनीत मुरतं आणि त्याच ग्लोव्हरच्या गणिताने काही महिन्यांनी नदीला पोचतं. जो उशीर आपल्याला जानेवारीत अडचणीत आणतो, तोच इथे आपल्या बाजूने काम करतो. फोर्ट मॉर्गन, स्टर्लिंगकडे शेतीच्या विहिरींसाठी हे मोठ्या प्रमाणावर चालतं. अंतर नीट निवडलं तर हिवाळ्याची ओळ बरीचशी भरून निघते.

कुठल्याही मार्गाने पाणी घ्या, ते नदीत कुठे पडतं ते नकाशावर दाखवा. तुमची घट जिथे लागते त्याच्या वर, किंवा निदान कॉल लावणाऱ्या ज्येष्ठाच्या वर ते पडायला हवं. वाटेत एखादा कालवा नदी पूर्ण कोरडी करून सगळं पाणी उचलत असेल, तर तुमचं पाणी त्याच्या बाजूने पुढे जाऊ देण्याची मोजमापासह सोय आहे का ते बघा. नदीतून नेताना वाटेत मुरणारं, उडणारं पाणीही तुमच्याच नावे वजा होतं. नेब्रास्काच्या सीमेकडच्या खालच्या पट्ट्यात काम असेल तर १९२३ चा आंतरराज्य करारही वाचा. एप्रिल ते मध्य-ऑक्टोबर या काळात सीमेवर १२० क्युसेक पोचत नसतील, तर तिथल्या १४ जून १८९७ नंतरच्या हक्कांवर गदा येते.

चौथी पायरी: अर्ज

दोन दारं आहेत. कायमचं दार पाणी न्यायालयाचं. राज्यात सात जलविभाग आणि त्यांची पाणी न्यायालयं आहेत. साउथ प्लॅटचा विभाग पहिला, ग्रीलीत. आर्कान्सॉ नदीचा दुसरा, प्वेब्लोत. तिथे कायमची भरपाई योजना मंजूर करून घ्यायची. अर्जाचा गोषवारा प्रसिद्ध होतो, आणि अर्ज ज्या महिन्यात केला त्यानंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरपर्यंत कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकती येतातच. त्यांना शत्रू समजू नका. शहर, कालवा कंपनी, शेजारचा शेतकरी, सगळे आपलं पाणी राखत असतात, आणि त्यांच्या अभियंत्यांनी काढलेल्या चुका बऱ्याचदा खऱ्या असतात. या वाटेला वर्षं लागतात.

तोवर तात्पुरतं दार आहे: स्टेट इंजिनिअरकडे पर्यायी पाणीपुरवठा आराखडा. खाणीचे आराखडे सहसा वर्षभरासाठी मंजूर होतात आणि दरवर्षी नव्याने द्यावे लागतात. अर्जात मी या क्रमाने कागद लावतो: जागेचा नकाशा, उघड्या पाण्याची मोजणी आणि तिची तारीख, महिनावार वापर, उशिराने नदीला लागणारी महिनावार घट, महिनावार भरपाई, आणि शेवटी प्रत्येक स्रोताचा करार. घट आणि भरपाई एकाच कोष्टकात शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे कोणता महिना उणा आहे हे तुम्हालाच आधी दिसेल. मागच्या वर्षांत केलेल्या वापराची जी घट अजून यायची आहे ती याच कोष्टकात घ्या. नूतनीकरणाच्या वेळी ती विसरण्याची चूक सर्रास होते.

विहिरीच्या परवान्यासाठी ६०० फुटांच्या आतल्या इतर विहिरींच्या मालकांचा विचार करावा लागतो. ते लेखी संमती देऊ शकतात, नाहीतर त्यांना रीतसर नोटीस जाते. पत्र पाठवण्याआधी भेटायला जा. ज्या बाईंची घरची विहीर तुमच्या कुंपणापलीकडे आहे, त्यांना "उपसा सुरू झाल्यावर तुमच्या विहिरीची पातळी आम्ही मोजत राहू" हे समोरासमोर सांगितलेलं बरं, आणि सांगितल्यावर ते करावं.

खाणीच्या परवान्याचं काम वेगळं खातं बघतं, आणि २०१० पासून तेही पाण्याबद्दल विचारतं: मालकाने अर्ध्यात काम सोडलं तर या उघड्या तळ्याचं काय? त्यासाठी भरावाच्या किंवा अस्तराच्या खर्चाइतकी हमी, नाहीतर भरपाईला पुरेल असं पाणी बांधून दाखवावं लागतं. ही हमी मोठी असते. मालकाला पहिल्याच बैठकीत सांगा.

पाचवी पायरी: वही

मंजुरी मिळाली की काम संपलं असं वाटतं. खरं तर तिथून वही सुरू होते. दर महिन्याला किती टन गेले, टँकरच्या किती खेपा झाल्या, पाण्याचा पृष्ठभाग किती, घट किती, कुठून किती सोडलं, हे सगळं पुढच्या महिन्यात वॉटर कमिशनर आणि विभागीय अभियंत्याकडे जातं. प्रत्येक स्रोताला मोजणीचं साधन हवं. खाण चालवणाऱ्या फोरमनशी दोस्ती करा, कारण खड्डा किती वाढला हे त्याला आधी कळतं. मंजुरीत २० एकर लिहिलेत आणि सप्टेंबरमध्ये २३ एकर उघडे झाले, तर मंजुरी २० एकरांचीच आहे.

कॉल नसलेल्या दिवसांत भरपाई लागत नाही, आणि कोणत्या दिवशी कॉल होता हे राज्याच्या संकेतस्थळावर बघता येतं. पण आराखडा आखताना वर्षभर कॉल आहे असंच धरा. २००६ च्या मे महिन्यात साउथ प्लॅटवर पुरेशा भरपाईअभावी शेतीच्या शेकडो विहिरी पेरणी झाल्यावर बंद कराव्या लागल्या. त्या शेतकऱ्यांनी ओल्या वर्षांच्या भरवशावर घेतलेलं देणं कोरड्या वर्षांत समोर आलं होतं.

माल संपल्यावर

खाण दहा-वीस वर्षांत संपते, तळं संपत नाही. त्याचं बाष्पीभवन दरवर्षी चालू राहतं, आणि तीन रस्ते उरतात: खड्डा भूजल पातळीच्या वर भरून टाकायचा, न्यायालयाची कायमची भरपाई योजना घ्यायची, किंवा तळ्याला भूजलापासून तोडायचं.

तिसरा रस्ता आता खूप चालतो. तळ्याभोवती खालच्या पक्क्या खडकापर्यंत अरुंद चर खणून तो बेंटोनाइट मातीच्या मिश्रणाने भरतात, म्हणजे पाणी न झिरपणारी भूमिगत भिंत तयार होते. भिंत चालते हे सिद्ध करावं लागतं. स्टेट इंजिनिअरचे १९९९ चे निकष असे: गळती भिंतीच्या दर चौरस फुटाला दिवसाला ०.०३ घनफूट आणि तळाच्या दर चौरस फुटाला ०.००१५ घनफूट यांच्या बेरजेपेक्षा जास्त नको, आणि तपासणी ९० दिवसांची. ती मंजूर होईपर्यंत तळं विहीरच मानलं जातं आणि भरपाई चालू ठेवावी लागते. मंजूर झाली की ते साठवण तलाव होतं. डेन्व्हर, ऑरोरा, थॉर्नटन अशा शहरांकडे असे जुन्या खाणींचे तलाव आहेत, त्यामुळे चांगल्या जागेचा खड्डा मालापेक्षा जास्त किमतीला जाऊ शकतो. भिंत घालण्याआधी भूजलाच्या वाहण्याची दिशा मात्र तपासा. वरच्या बाजूला पाणी तुंबून शेजाऱ्याच्या तळघरात येऊ शकतं आणि खालच्या बाजूच्या विहिरी उतरू शकतात. भिंतीच्या दोन्ही अंगांना निरीक्षण-नळ्या आधी बसवून निदान वर्षभराच्या नोंदी हाताशी ठेवल्या, तर पुढे कुणाचं म्हणणं खरं याचा वाद उरत नाही.

भरलेल्या किंवा अस्तर केलेल्या खाणीच्या बाबतीतही एक देणं मागे राहतं: काम चालू असताना जे पाणी उडालं त्याची घट अजून नदीच्या वाटेवर असते. नदीपासून लांबच्या खाणीत ती कित्येक वर्षं येत राहते, दर महिन्याला थोडी थोडी. म्हणून शहराबरोबरचा किंवा कालवा कंपनीबरोबरचा करार शेवटच्या ट्रकच्या तारखेला संपवू नका. कोष्टकाच्या शेवटच्या ओळीत घट शून्य होते तो महिना बघा, आणि कराराची मुदत त्या महिन्यापर्यंत लिहून घ्या.